जुलैतली निर्धोक जिनिंग

गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या आसपास, कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो आणि उन्हाळ्यापर्यंत जिनिंगची धडधड थंडावते. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याला मात्र आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारीत आणि जुलैत लागतो. जुलैत सरकी नाही, रुई नाही, मजूर शेतात. आग लागायला जिनिंगमध्ये आहेच काय? दाखला निर्धोक मिळतो.

हंगामात कापसासोबत एखादा खिळा किंवा खडा यंत्रात जातो, ठिणगी उडते, रुईत शिरते आणि तासन्‌तास आतल्या आत धुमसते. लोखंड ओढून घेणारं चुंबक बसवलं तर निम्मा घोर मिटेल. पण चुंबकाचं उद्‌घाटन कोण करणार? वाळूच्या बादल्या असतात. त्यांत तंबाखूच्या पिचकाऱ्याही असतात.

मुंबईत तरी काय वेगळं? २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत १४ जणांचा जीव गेला आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेला शहरभरची बेकायदा बांधकामं दिसू लागली. इथे बंब मागवायचा तर गेवराईहून. तोवर ठिणगीने थांबावं. न थांबल्यास तिला नोटीस काढता येईल.