बोनेटमामा

गाडी बंद पडायला मुहूर्त लागत नाही, आणि हिंगोली जिल्ह्यात ती बंद पडली की बोनेटमामा उगवायलाही लागत नाही. औंढ्याचं देऊळ असो, वसमतचं हळदीचं यार्ड असो, कळमनुरीचा बसस्टँड असो की सेनगावचा बाजार. किल्ली फिरवली आणि इंजिन गप्प राहिलं, की काचेवर टकटक झालीच म्हणून समजा. काच खाली घ्यावी तो प्रश्न येतो, "कामून, सेल्फ घेईना का?" उत्तराची गरज नसते. मागोमाग हुकूम, "बोनेट उघडा बरं जरा."

मामा पन्नाशीच्या पुढचे. पांढरा शर्ट, खिशात डायरी, खांद्यावर रुमाल. हा रुमाल म्हणजे त्यांची सगळी हत्यारं. गरम झाकण त्यानंच धरायचं, बॅटरी त्यानंच पुसायची, आणि निदान चुकलं की घामही त्यानंच टिपायचा. बोनेट उघडल्यावर ते आधी इंजिनाकडं बघतच नाहीत, मालकाकडं बघतात. "कवा घेतली? कितीला पडली? ॲव्हरेज काय देती? गाव कोणतं म्हणाले?" या तपासणीत गाडीचं काही कळत नाही, पण मालकाचे साडू पूर्णेला रेल्वेत आहेत आणि ते मामांच्या मेव्हण्याच्या ओळखीचे आहेत, एवढं नक्की निघतं. नातं जुळलं की मामा रुमाल सरसावतात. आता गाडी घरची झालेली असते.

मामांचं निदान ठरलेलं असतं, आणि त्याचा समोरच्या गाडीशी संबंध नसतो. एके काळी त्यांच्या स्वतःच्या गाडीला जे झालं होतं, तेच जगातल्या प्रत्येक गाडीला होतं, ही त्यांची पक्की श्रद्धा. ज्या मामाची बॅटरी ऐन लग्नसराईत बसली होती, त्याला सगळीकडं बॅटरीच दिसते. ज्याच्या डिझेल टेम्पोनं टाकी कोरडी पडल्यावर एअर घेतली होती, तो पेट्रोल गाडीसमोरही "एअर काढावी लागंल" असं म्हणतो. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावून ज्याचं वायरिंग उंदरांनी कुरतडलं, तो तर बोनेटखाली लेंड्याच शोधतो. अलीकडं एक तरुण मामाही तयार झालाय. तो मोबाईलची बॅटरी मारून "सेन्सर" एवढा एकच शब्द काढतो. चार मामा जमले की मालकाला चार गाड्यांची आत्मचरित्रं ऐकावी लागतात. त्याच्या स्वतःच्या गाडीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

अनुभवाचा दाखला नंबरप्लेटवरून दिला जातो. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, म्हणून एमएच ३८ ही पाटी मामांच्या लेखी कालची. त्यांची पहिली जीप एमएच २२ ची, म्हणजे परभणीची. "आपण जिल्हा व्हायच्या आधीपासून गाडी चालवायलाव," असं म्हटलं की समोरचा गारच. त्याही आधीच्या, हँडल मारून चालू होणाऱ्या गाड्यांबद्दल बोलताना तर त्यांचा गळा दाटून येतो. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेवरचा सेल्फ बसला, आणि उलट्या फिरलेल्या हँडलनं मनगट मोडून घ्यायची पाळी टळली. जगानं सुटकेचा नि:श्वास टाकला. मामांना विचाराल तर गाड्या बिघडायला लागल्या त्या तिथपासूनच.

मामांचं खरं रूप बघायचं तर श्रावणी सोमवारी औंढ्याला जावं. नागनाथाच्या दर्शनाची रांग, बेलफुलांची दुकानं, आणि पार्किंगमध्ये पुण्याकडच्या पाटीची एक पांढरी गाडी. साहेब सेल्फ मारताहेत, आतून हूं नाही की चूं नाही. मागं आजीबाई प्रसादाचं ताट सांभाळत बसलेल्या. मामा हजर.

"लाईट चालू ठिवली असंल रातभर."

"नाही हो, आत्ता तर आलो."

"मग टर्मिनल."

कुणीतरी दहा नंबरचा पाना आणला. टर्मिनल निघालं, रुमालानं पुसलं गेलं, पुन्हा बसलं. वीज गेल्यामुळं गाडीतलं घड्याळ बाराच्या ठोक्यावर येऊन बसलं. म्हणजे मामांनी गाडीचे शब्दशः बारा वाजवले. सेल्फ मात्र तसाच मुका.

"धक्का मारू. चला रे पोरांनो!" दहा-बारा हात मागून लागले.

साहेब कासावीस होऊन ओरडले, "अहो, ऑटोमॅटिक आहे! ही धक्क्यावर चालू होत नाही!"

मामा थबकले. मग गर्दीकडं वळून, खऱ्या हळहळीनं म्हणाले, "धक्क्यावर चालू होत नाही, तर अशी गाडी घ्यायची तरी कशाला?"

पोरांना ते मनापासून पटलं. कुणीतरी धीरही दिला: इथं नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं, नंदी अजून मागच्या अंगाला आहे, तुमचं इंजिन काय, फिरंल. आजीबाईंनी कळसाकडं बघून हात जोडले.

शेवटी नाक्यावरच्या गॅरेजमधलं विशीतलं पोरगं आलं. त्यानं बोनेटला हातच लावला नाही. म्हणालं, "मामा, जरा दमा. कुणी बोलू नका. साहेब, सेल्फ मारा." शांतता. "हॉर्न वाजवा." हॉर्न असा खणखणीत वाजला की फुलवालीनं कानावर हात ठेवले. पोरानं खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "गिअर डी मध्ये हाय. ब्रेकवर पाय ठेवा, एन वर घ्या. आता मारा." गाडी चालू झाली.

त्याची सगळी विद्या कानात. सेल्फ मारला की गाडी आपलं दुखणं स्वतःच सांगते. टकटकटकटक असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनल सैल. मीटर लावला तर भरलेली बॅटरी बसल्या जागी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा १२ च्या खाली गेला की ती सेल्फला काय फिरवणार! दिवे झगझगीत, पण एकदाच जाड 'टक्' होऊन सगळं थांबलं, तर संशय सेल्फवर. इंजिन घरघर फिरतंय पण पकडत नाही, तर पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हे बघायचं. आणि दिवे, हॉर्न ठणठणीत असून सेल्फचा आवाजच नाही, तर गाडी बिघडली म्हणण्याआधी गिअर, क्लच आणि किल्ली तपासायची. गिअरमध्ये असताना गाडीनं उडी मारू नये म्हणूनच कंपनीनं तिचं तोंड बांधून ठेवलेलं असतं.

म्हणजे निदानाला लागतो अर्धा मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी गप्प बसणं. नेमकं तेवढंच मामांना जमत नाही. गंमत अशी, की याच औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा उभी राहतेय. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेले २६०० कोटी रुपये, आणि काम काय, तर दूर आकाशात दोन कृष्णविवरं आदळली तर अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनहूनही कितीतरी बारीक थरथर टिपायची. त्यासाठी शास्त्रज्ञांना जमीन निवांत हवी होती. जागेची पाहणी झाली त्या दिवशी तिथं कुणाची गाडी बंद पडलेली नसावी.

गाडी चालू झाली म्हणून मामा हरले असं समजू नका. साहेब गॅरेजच्या पोराला पैसे देईपर्यंत ते रुमाल झटकत म्हणालेच, "टर्मिनल साफ केल्याबगर झाली नसती." पोरानं मान डोलावली. त्याला इथंच धंदा करायचाय, आणि पुढचं गिऱ्हाईक मामाच पाठवणार असतात. साहेबांनीही दोघांचे आभार मानले. आजीबाईंनी प्रसादाचा पहिला पेढा मामांच्याच हातावर ठेवला. शेवटी उन्हात उभं राहून घाम गाळला होता तो त्यांनीच.

पेढा तोंडात टाकून मामा आपल्या गाडीकडं निघाले. ती पार्किंगमध्ये नव्हती. बरंच लांब, देवळाकडून खाली जाणाऱ्या रस्त्याला, चाकाला दगड लावून उभी होती. मामा स्वतःची गाडी उतार बघूनच लावतात. सेल्फवर त्यांचा भरवसा नाही, आणि गर्दीतल्या कुणाला तिच्या बोनेटला हात लावू द्यायची त्यांची मुळीच तयारी नाही.