कुठला नायक?

जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्डेत येऊन "नायकांचं घर कुठलं?" एवढंच विचाराल, तर उत्तर मिळणार नाही. उलट प्रश्न येईल : कुठला नायक? मास्तर, लाइनमन, दुकानवाला की कोनेगौड?

कोनेगौड म्हणजे सुपारीचे घड उतरवणारा. सरळसोट झाडावर चढायचं, घड कापून दोरीवरून खाली सोडायचा आणि जमिनीला पाय न लावता तिथूनच शेजारचं झाड ओढून धरायचं. हे काम येरागबाळ्याचं नव्हे. नावावर विसंबून भलत्याच नायकाला झाडावर चढवलंत, तर हाडं मोडतील.

म्हणून इथे नावामागोमाग काम विचारतात.

जोयडा तालुक्यात नायक, देसाई, गावडा, वेळीप, मिराशी ही आडनावं घरोघर. मुळात ही आडनावं नव्हेतच, कामं आहेत. नायक तुकडीचा म्होरक्या, देसाई परगण्याचा वसूल बघणारा, वेळीप देवाचं करणारा. आज नायक एसटी चालवतो, देसाई शाळेत शिकवतो, वेळिपाचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. धंदा कधीच बदलला.

पाटी तेवढी जुनी राहिली.

माणसांचं सोडा, गावांचं बघा. या तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी नदीवर 101 मीटर उंचीचं धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या. आता सुपा म्हटलं की वीज. पारनेर तालुक्यात सुपा म्हटलं की कारखाने. बारामतीकडे सुपे म्हटलं की शहाजीराजांची जहागीर. आमचं गाव बुडालं, माणसं उठली, नाव मात्र धरणाच्या नोकरीला लागलं.

आता जरा मोठ्या नावांकडे या.

राम कदम कोण? 'पिंजरा'चे संगीतकार. पण हेच आजच्या विशीतल्या मुलाला विचारा, तो घाटकोपरच्या आमदारांचं नाव घेईल. सुधीर जोशी कोण? एक रंगभूमी आणि पडदा गाजवणारे नट, दुसरे 1973 साली मुंबईचे महापौर आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले. विश्वास पाटील? 'पानिपत'वाले की 'गोकुळ'चे माजी अध्यक्ष? जयंत पाटलांच्या बाबतीत तर धंदाही वेगळा नाही. दोघेही राजकारणात, एक इस्लामपूरचे, एक अलिबागचे. तिथे पक्ष आणि गाव सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

मोहन जोशींची गंमत आणखी पुढची. एक नट, एक पुण्याचे काँग्रेस नेते, आणि तिसरे 1984 च्या 'मोहन जोशी हाजिर हो!'मधले, चाळीच्या दुरुस्तीसाठी कोर्टाचे उंबरे झिजवणारे म्हातारे भाडेकरू. त्यातले नट मोहन जोशी रंगभूमीवर स्थिरावण्याआधी मालवाहतुकीच्या धंद्यात होते, स्वतः ट्रक चालवायचे. म्हणजे एकाच मोहन जोशींना दोन धंदे.

आणि मग शरद जोशी. इथे मात्र मला थांबायलाच हवं.

एक 1931 साली उज्जैनला जन्मलेले, दुसरे 1935 साली साताऱ्याला. उज्जैनच्या जोशींनी सरकारी नोकरी सोडली, लेखणी धरली आणि हिंदीत व्यंग्य लिहिलं. 'ये जो है जिंदगी' त्यांचंच. साताऱ्याचे जोशी टपाल खात्यातून थेट स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात, जागतिक टपाल संघटनेत पोचले होते. तीही नोकरी त्यांनी सोडली. चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसली आणि कांद्याचा भाव शेतकऱ्याला का मिळत नाही याचा हिशेब मांडला. 1979 साली शेतकरी संघटना उभी केली. बर्नमधला पगार सोडून आंबेठाणच्या ढेकळांत पाय रोवणारा माणूस नावामुळे मोठा झाला का? छे! नाव तर हिंदी लेखकाचंही तेच होतं.

दोघांनी पगाराची खुर्ची सोडली, एवढं मात्र सारखं.

नाव सारखं असणं हा गुन्हा नाही. सारख्या नावाचा माणूस शोधून आणून मतपत्रिकेवर बसवणं, ही लबाडी आहे. 2014 साली लोकसभेला रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले. त्याच निवडणुकीत त्याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण जिंकण्याहरण्यातलं अंतर आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा, पोटात गोळा येतो.

पुढच्याच वर्षी, मे 2015 पासून, निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. उशिरा आणला, पण आणला. 2024 साली नामसाधर्म्याच्या उमेदवारांना रोखा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती ऐकून घेतली नाही. आईबापांनी नाव ठेवलं म्हणून माणसाचा उभं राहण्याचा हक्क जातो का? नाही जात. न्यायालयाचं बरोबरच आहे. दोष त्या गरीब नामसख्याचा नाही, त्याला अर्ज भरायला घेऊन जाणाऱ्याचा आहे.

तो मात्र कुठल्याच यादीत नसतो.

आणि फोटो तरी किती मोठा? शिक्क्याएवढा. चष्मा घरी विसरलेल्या आजीला त्यातून कोण दिसणार?

खरं औषध तर कायद्यात आधीपासून आहे. 1961 च्या निवडणूक नियमांतला 22 वा नियम म्हणतो की दोन उमेदवारांचं नाव एकच असेल, तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांच्यात फरक दाखवावा. म्हणजे नंदिगड्डेचा कोनेगौड नायक आणि लाइनमन नायक! गावाने रोजच्या वापरात ठेवलेली रीत दिल्लीने नियम म्हणून लिहून ठेवली आहे.

हा नियम 'अन्य काही'वर भागवू नका. व्यवसायच छापा, ठळक छापा. आणि मतदाराने केंद्राबाहेरच्या यादीपुढे उभं राहून आपल्या उमेदवाराचं नाव, बापाचं नाव आणि धंदा तिन्ही वाचावं, मगच आत जावं.