शाप नव्हे, पाया

काशीच्या शिंदे घाटावर रत्नेश्वराचं देऊळ कललेलं उभं आहे. वर्षातले बरेच महिने गाभाऱ्यात गंगेचं पाणी. लोक सांगतात, मुलानं देऊळ बांधलं, 'आईचं ऋण फेडलं' म्हणाला, आईचा शाप लागला.

घाट बांधवला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी, एकोणिसाव्या शतकात. दगडांचा भार इतका की घाटही खचला. तिथे मात्र शापाची गरज लागली नाही. जमिनीला भार पेलला नाही, एवढंच.

मग माणूस खचला की आपण शाप का शोधतो?

"आळस आहे." "मनाचे खेळ." "ताप जाऊन सहा महिने झाले, अजून काय?" आणि रिपोर्ट? सगळे नॉर्मल!

चिकुनगुनिया हे नाव आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतलं. अर्थ, वाकून जाणं. १९७३ साली तो बार्शीत आला. २००६ मध्ये देशभर १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण. कितीतरी जणांचा ताप उतरला, सांधे धरलेलेच राहिले. सकाळी मूठ वळेना. घरचे म्हणाले, वय झालं.

२०१० साली रियुनियन बेटावरच्या संशोधकांनी एका रुग्णाच्या सांध्याचं अस्तर तपासलं. आजाराला दीड वर्ष झालेलं. पेशींत विषाणूचे अंश तसेच होते.

वय झालं होतं म्हणे!

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ मध्ये जवळपास तीनशे कर्मचारी आजारी पडले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळून निदान केलं : सामूहिक उन्माद. एकही रुग्ण न तपासता. आजाऱ्यांत बायका जास्त, हाही त्यांचा एक पुरावा.

बाई थकली म्हणजे उन्माद. हे आपल्याकडे वेगळं सांगायला हवं का?

आता ॲमस्टरडॅमला चला. दीर्घ कोविडचे २५ रुग्ण, २१ निरोगी माणसं. सगळ्यांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. आधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून पाहिला. रुग्णांच्या पेशींत ऊर्जा तयार करणारा मायटोकाँड्रिया आधीच मंद होता, श्रमानंतर आणखी मंदावला. स्नायूंना इजाही वाढली. निष्कर्ष छापून आले २०२४ मध्ये. आजार मांडीत दिसला, सूक्ष्मदर्शकाखाली.

आणि आपण वर्षानुवर्षं काय सांगितलं? रोज थोडं थोडं चालणं वाढव. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजाराच्या (एमई/सीएफएस) रुग्णांसाठी तो व्यायामक्रम नाकारला. तोवर किती जण चालून चालून अंथरुणाला खिळले असतील?

२०२५ मध्ये याच आजाराच्या १५ हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास पुढे आला. आठ ठिकाणी फरक सापडले. त्यांतले काही प्रतिकारशक्तीकडे बोट दाखवतात, काही मज्जासंस्थेकडे. निदानाची खात्रीची रक्तचाचणी अजून नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो.

चाचणी नाही म्हणजे आजार नाही?

डॉक्टर, "किती चाललात?" हे पुरे झालं. एकदा हेही विचारा : चाललात, मग दुसऱ्या दिवशी उठता आलं का?