बोरिंगवाले मामा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि स्पेअर पार्टच्या दुकानांच्या दाटीत दुचाकींचे सिलिंडर बोअर करणारा, म्हणजे त्यांचे छिद्र आतून कापून मोठे करणारा, जो कारागीरवर्ग आढळतो, त्यातील ज्येष्ठांना वय, जात वा आडनाव न विचारता ‘मामा’ म्हटले जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा सिलिंडर, म्हणजे बाहेरून पात्यांच्या चळती असलेला आणि बाजारात ‘ब्लॉक’ म्हणून ओळखला जाणारा भाग, पिस्टनच्या ये-जा करण्याने आतून झिजतो. ही झीज पिस्टनवरील सर्वांत वरच्या रिंगेचा प्रवास जिथे संपतो तिथे सर्वाधिक असल्यामुळे छिद्र लंबगोल आणि तिरके होते, गाडी ऑइल खाऊ लागते, निळा धूर सोडते, आणि तिचा मालक अखेर मामांच्या दारात येतो.

तो बहुधा नुसता ब्लॉक घेऊन येतो आणि तिथेच चुकतो. झिजलेल्या सिलिंडरसाठीचे पिस्टन मूळ मापाहून पाव, अर्धा, पाऊण वा एक मिलिमीटर मोठे, अशा ठरावीक ‘ओव्हरसाइज’मध्ये मिळतात, परंतु एकाच ओव्हरसाइजच्या दोन पिस्टनांतही काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांचा, फरक असू शकत असल्याने पिस्टन प्रत्यक्ष मोजल्याशिवाय छिद्र कापणे मामांच्या शास्त्रात निषिद्ध आहे. “पोरगी न बघताच सुपारी फोडायला आलाईस व्हय रं?” एवढे विचारून ते ब्लॉक परत करतात.

पिस्टन आणलाच, तर तो मुठीत धरून आणणे हा त्याहून गंभीर गुन्हा होय. जुन्या बुलेट 350 चा पिस्टन 70 मिलिमीटर व्यासाचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा असून तो दहा अंशांनी तापला की सुमारे 14 मायक्रॉन फुगतो, तर ब्लॉकचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याच्या जवळपास निम्मेच फुगते. त्यामुळे उन्हातून आलेला ब्लॉक आणि गिऱ्हाइकाच्या उबदार पंजातला पिस्टन यांची मापे एकत्र घेणे व्यर्थ ठरते. मामा दोन्ही वस्तू एकाच फरशीवर, एकाच पंख्याखाली ठेवून देतात आणि “उद्या या” असे सांगतात. या ‘उद्या’ला शिंप्याच्या ‘उद्या’च्या पंक्तीस बसवणे अन्यायाचे होईल, अर्थात, एका रात्रीनंतरचा सर्व विलंब उसाला पाणी देण्याच्या पाळीमुळे होतो, हेही नमूद केले पाहिजे.

मापाचा हा कर्मठपणा दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. स्वतःचे वय मामा “साठीच्या आसपास” सांगतात आणि कोणतेही गाव त्यांच्या लेखी “हितंच” असते. परंतु शेजारचा सुतार “एक सूत इकडंतिकडं चालतंय” असे म्हणाला, की त्यांच्या कपाळावर आठी उमटते, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात 125 थाउ, आणि त्यांचा सारा संसार बुलेटच्या पिस्टन व सिलिंडरमधील तीन-चार थाउंच्या मोकळिकीत चाललेला असतो. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) या इंजिनाभोवती पाणी नसते, पुढच्या बाजूला वारा लागतो आणि मागची तापत राहते, म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा ही मोकळीक अधिक ठेवावी लागते; मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेला तरुण ती कमी करण्याचा आग्रह धरतो, तेव्हा मामा वाद न घालता तंबाखू मळतात.

बोरिंगनंतर राखलेला शेवटचा अल्पसा थर होनिंगने काढला जातो. होनिंग म्हणजे फिरता फिरता खालीवर होणाऱ्या घासदगडांनी भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा उमटवणे. त्या रेषांत ऑइल टिकते आणि नव्या रिंगा घासून बसतात. “मामा, ओरखडे पडलेत की!” हे उद्गार याच वेळी ऐकू येतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत मालकाला आवडते, पण तीवर रिंगा बसत नाहीत आणि गाडी पुन्हा धूर सोडते. त्यानंतर मामा ब्लॉक धुण्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने घासतात, कारण नुसत्या पेट्रोलने तेल जाते आणि दगडाची पूड रेषांतच राहते. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा आतून फिरवला असता पांढराच बाहेर येईपर्यंत हे चालू राहते, आणि गंज चढू नये म्हणून लगेच ऑइलचा हात दिला जातो. धोतराच्या त्या तुकड्यावर दुकानातील कोणत्याही गेजपेक्षा मामांचा अधिक विश्वास असतो, आणि तो अस्थानी नाही.

तेव्हा मामांकडे जाणाऱ्याने पिस्टन पाकिटातच ठेवून न्यावा, ब्लॉक सावलीत धरावा आणि गाडी मिळाल्यावर निदान पहिले 500 किलोमीटर ती हायवेवर पिळू नये. मजुरी मात्र आधी ठरवून घ्यावी. ती गिऱ्हाइकाचे तोंड बघून सांगितली जाते.