हुरूपकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मूल आठवी पास होऊन नववीत गेलं, की ते आईबापांचं राहत नाही, हुरूपकाकांचं होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. स्वतःची मुलं केव्हाच शिकूनसवरून परदेशी गेली, त्यामुळे घरात हुरूपाचा साठा नुसता पडून आहे. तो आता जिन्यात, गेटवर आणि मुख्यतः लिफ्टमध्ये वाटला जातो. तिसऱ्या मजल्यावर उतरणाऱ्या पोराला उरलेलं व्याख्यान ते लिफ्टचं दार अडवून ऐकवतात. खाली भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असलेली मंडळी वर बघून काय समजायचं ते समजतात.

त्यांचा हुरूप दोन वाक्यांचा असतो. पहिलं, "अजिबात घाबरायचं नाही, दहावी म्हणजे काय वाघ आहे?" आणि लगेच दुसरं, "पण एकदा का घसरलास, की संपलं हं!" पोरगं पहिल्या वाक्याला हसतं आणि दुसऱ्याला त्याचा घसा कोरडा पडतो. काकांना वाटतं, पठ्ठ्या गंभीर झाला.

सचिन तेंडुलकर त्यांना दोन्ही बाजूंनी लागतो. पुस्तकात तोंड खुपसून बसणाऱ्याला, "अरे, सोळाव्या वर्षी तो पाकिस्तानात जाऊन कसोटी खेळला, तू निदान खाली तरी खेळायला जा!" आणि जो खाली खेळतोय त्याला, "सगळेच काही सचिन होत नसतात."

काका 1975 च्या बॅचचे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि नव्या दहावीची पहिली एसएससी, अशा दोन्ही तुकड्या त्या वर्षी एकदम बाहेर पडल्या आणि कॉलेजांच्या दारात झुंबड उडाली. "त्या गर्दीतून मी आत शिरलो," हे काका पानिपतावरून परत आल्यासारखं सांगतात. मार्क मात्र सांगत नाहीत. कुणी फारच खोदून विचारलं तर, "तेव्हाचे साठ म्हणजे आत्ताचे पंच्याण्णव." यावर स्वयंपाकघरातून काकूंचा "चौपन्न!" असा आवाज आल्याचं ऐकिवात आहे.

निकालाच्या दिवशी मात्र काकांना तोड नाही. ऑनलाइन निकालाला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. त्यामुळे सोसायटीतल्या यच्चयावत बायकांची पाळण्यातली नव्हे, पण कागदावरची नावं पाठ असलेला हा एकमेव पुरुष. कित्येक घरांत निकाल आईबापांच्या आधी काकांना कळतो, आणि पेढे त्यांच्याकडून खाली येतात. मला विचाराल तर हा आगाऊपणाच. पण नापास झालेल्या पोराच्या घरी त्या संध्याकाळी बाकी कुणी फिरकत नाही, तेव्हा पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची चौकशी करून हेच जातात. त्या घरात ते फारसं बोलत नाहीत. इतर वेळी ही कला त्यांना का साधत नाही, देव जाणे.

यंदा त्यांच्या तावडीत तिसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी सापडली. काखेत ड्रॉइंग बोर्ड घेऊन निघालेली. "चित्रं काढून पोट भरतं का गं?" काकांनी दार अडवलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीत सात मार्क वाढतात."

सात! काकांनी दार सोडलं. त्या दिवसापासून त्यांना कलेची गोडी लागली. वस्तुचित्राच्या सरावाला तांब्या हवा म्हणून त्यांच्या देव्हाऱ्यातला तांब्या तिसऱ्या मजल्यावर गेला. पाठोपाठ दोन कांदे आणि एक भलंमोठं जांभळं वांगं. ते काकूंनी भरतासाठी आणलेलं होतं. काकू वांगं शोधत खाली आल्या, तर काका मुलीच्या खांद्यावरून वाकून सांगत होते, "देठाची सावली अजून गडद कर. मार्क सावलीला असतात." वांगं चार दिवस चादरीच्या घडीवर बसून राहिलं आणि भरताच्या पलीकडे गेलं.

पुढे स्मरणचित्राचा सराव सुरू झाला. मुलीने विषय घेतला 'आमच्या सोसायटीचा जिना'. चित्रात दप्तर पाठीला लावलेला एक मुलगा भिंतीला चिकटून उभा होता आणि समोर टकलावर चष्मा चढवलेले, बोट उगारलेले एक गृहस्थ होते. मुलीची आई कावरीबावरी झाली. काकांनी चित्र हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं.

"छान आहे. शिक्षक दिसतात. माणूस तळमळीचा वाटतो," काका म्हणाले. "पण पोट फार सुटलंय यांचं. ते आत घे, नाहीतर ग्रेड जाईल."