ग्लोव्ह कुठल्या हातात?

सेंट लुईसला लेकीकडे जायला निघालो तेव्हा जावईबापूंनी फोनवर बजावलं होतं, "बाबा, शेजाऱ्यांशी दोनच विषय काढू नका, धर्म आणि राजकारण." बेसबॉलचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याची जबाबदारी मी त्यांच्यावर टाकतो, आणि आमची ही ती माझ्यावर टाकते.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. संध्याकाळी ते मागच्या अंगणात शेगडी पेटवत, मग त्यांचा शिकागोहून आलेला मेहुणा खुर्ची ओढून बसे, पलीकडच्या गल्लीतले रेल्वेतून निवृत्त झालेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ स्वतःची घडीची खुर्ची काखेत मारून येत, आणि कुंपणापाशी मी पुण्याहून आलेला शाकाहारी माणूस घोटाळतो आहे हे पाहून एके दिवशी त्यांनी मलाही आत बोलावलं, हातात भाजलेलं कणीस दिलं आणि आपला वाद पुढे चालू केला. वाद एकच. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत थोर फर्स्ट बेसमन कोण? हा वाद त्यांच्यात बहुधा पोस्टमनसाहेबांच्या लग्नापासून चालू असावा, कारण मेहुण्याला पहिलं वाक्य पूर्ण करावं लागत नव्हतं. शेवटी पाहुण्याला बरं वाटावं म्हणून तिघांनी माझ्याकडे वळून माझं मत विचारलं.

आता मत नाही असं म्हणायचा आमच्या पेठेत रिवाज नाही. बेसबॉलमधलं एकच नाव मला ठाऊक होतं, ते मी खणखणीत आवाजात दिलं. "बेब रूथ!" शेगडीवर काहीतरी चरचरत होतं तेवढाच आवाज राहिला. रूथ हा आधी पिचर आणि मग आउटफिल्डर, हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मेहुण्याने न बोलता माझ्या ताटलीत दुसरं कणीस ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी नातवाचं लायब्ररीचं कार्ड घेतलं आणि अभ्यासाला बसलो. बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला की तो नव्वद फुटांवरच्या पहिल्या बेसकडे धावत सुटतो. ज्याच्या हातात चेंडू येतो तो क्षेत्ररक्षक घाईघाईने पहिल्या बेसकडे फेकतो. आणि तिथे एक पाय बेसला टेकवून, दुसरा पाय लांब ताणून, हात पुढे करून उभा असतो तो फर्स्ट बेसमन. फेक डोक्यावरून येवो, बाजूने येवो की मातीत टप्पा खाऊन गुडघ्यावर येवो, झेलायची त्याने. झेलली तर टाळ्या फेकणाऱ्याला. बँकेत हेडक्लार्क म्हणून मी उभी हयात हेच केलं. साहेबांनी भलतीकडे फेकलेलं जमिनीवर पडू द्यायचं नाही, आणि वर नाव मात्र साहेबांचं. मला या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

पण पुस्तक पुढे वाचलं तर निराळीच कथा. झेलण्यासाठी म्हणून तिथे कुणाला फारसं कोणी उभं करत नाही. जो बॅटने चेंडू गावाबाहेर मारतो पण ज्याला धावता येत नाही, किंवा वयामुळे आता येईनासं झालं आहे, अशा आडदांड माणसाला कुठे ठेवायचं असा प्रश्न पडला की त्याला पहिल्या बेसवर ठेवतात. शिकागोचे अर्नी बँक्स शॉर्टस्टॉप म्हणून गाजले आणि शेवटी पहिल्या बेसवर त्यांचे सामने शॉर्टस्टॉपपेक्षाही जास्त भरले. त्यामुळे या वादात सगळे बोलतात बॅटबद्दल. ग्लोव्हबद्दल बोलणारा तिथे कोणीच नव्हता. ती जागा रिकामी आहे असं मला वाटलं.

पोस्टमनसाहेबांचा देव आल्बर्ट पुहोल्स. १९९९ च्या निवडीत ४०२ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ उरलासुरला म्हणून घेतलेला पोरगा. २००१ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळायला लागला आणि २००५, २००८, २००९ अशी तीन वेळा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची पदवी घेऊन गेला. २००६ आणि २०११ चं विश्वविजेतेपद, त्यातल्या २०११ च्या तिसऱ्या सामन्यात एकट्याचे तीन होमरन. आणि मग दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर घेऊन तो कॅलिफोर्नियाला निघून गेला. पोस्टमनसाहेबांनी गॅरेजमधला त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. २०२२ मध्ये पुहोल्स परत आला, ७०० होमरनचा टप्पा ओलांडून ७०३ वर थांबला, आणि फोटोचं तोंड पुन्हा उजेडात आलं.

अशा माणसासमोर मी, दोन पुस्तकं वाचलेला, उठून म्हणालो की, फर्स्ट बेसमन बॅटवर मोजायचाच नाही, हातांवर मोजायचा, आणि हात पाहायचे तर आमचा एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅटपासून हातभर अंतरावर, डोक्यावर हेल्मेट नाही, २७ कसोटींत ५३ झेल! पोस्टमनसाहेब प्रभावित झाले, पण पुहोल्सचे भक्त ते, त्यांनी विचारलं, "आणि मारायचा किती?" मी म्हटलं, "एकशे दोन. १९७५ साली, मुंबईत." ते माझ्याकडे बघतच राहिले. "एका वर्षात?" मी म्हटलं, "वर्षात कसलं, एका सामन्यात!" त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने आकाशाकडे पाहिलं, आणि त्यानंतर त्या अंगणात सोलकरबद्दल कोणी वावगा शब्द काढला नाही. मीही जास्त खोलात शिरलो नाही.

मेहुण्याचा उमेदवार दर आठवड्याला बदलायचा. शिकागो कब्जचा पंखा असल्यामुळे त्याला दुःखाची सवय होती. कधी तो मार्क ग्रेस म्हणे, ज्याने १९९० च्या दशकात साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक हिट्स मारल्या. कधी अँथनी रिझो, ज्याने २०१६ च्या विश्वविजेतेपदाचा शेवटचा बळी घेतला आणि तो चेंडू मागच्या खिशात घालून मोकळा झाला. रेल्वेवाले गृहस्थ फारसं बोलत नसत. एकदा सगळे ओरडून दमल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बक लेनर्ड." होमस्टेड ग्रेजचा हा फर्स्ट बेसमन ऐन उमेदीत असताना मेजर लीगमध्ये काळ्या माणसाला प्रवेशच नव्हता, १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडलं तेव्हा लेनर्ड चाळिशीला टेकले होते. आणि त्या पहिल्या मोसमात रॉबिन्सन उभा राहिला तो पहिल्याच बेसवर. १९७२ मध्ये लेनर्डना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. यावर बोलायला कुणाकडे काही नव्हतं. मला सोलकर आठवत होता, पण सुदैवाने तोंडात कणीस होतं.

घरी ही सगळी चर्चा मी हिला ऐकवायचो. ती लोकरीचं विणता विणता ऐकायची, आणि तिचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. लू गेहरिग. यांकीजचा. १९२५ ते १९३९, सलग २,१३० सामने, एकही रजा नाही. "बोटं मोडली तरी कामावर गेला तो," ती सुया न थांबवता म्हणाली, "नाहीतर आकाशात ढग आला की तुमची किरकोळ रजा." त्याच्या आधी वॉली पिप नावाचा भला माणूस तिथे उभा असायचा, दोनदा लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारलेला. डोकं दुखतंय म्हणून तो एक दिवस बसला आणि जागा कायमची गेली, अशी आख्यायिका सांगतात; खरं म्हणजे संघ सपाटून हरत होता म्हणून मॅनेजरने मंडळी बदलून पाहिली. हा खुलासा मी हिला केला, कारण मला पिपची बाजू घेणं व्यक्तिशः आवश्यक होतं. ती म्हणाली, "डोकेदुखीचा अर्ज तुम्हीच लिहून दिला असणार त्याला."

चार जुलैला गल्लीतल्या लोकांचा बागेत सॉफ्टबॉलचा सामना असतो. माणूस कमी पडत होता, म्हणून पोस्टमनसाहेबांनी मोठ्या प्रेमाने मला पहिल्या बेसवर उभं केलं. "तिथे धावावं लागत नाही," ते म्हणाले, आणि पुस्तकातलं सगळं आठवून मला जरा लागलं. ग्लोव्ह मी विचारपूर्वक उजव्या हातात चढवला. गेहरिग उजव्याच हातात घालायचा, ज्याच्याएवढे अकरा गोल्ड ग्लोव्ह दुसऱ्या कुठल्याही फर्स्ट बेसमनला मिळाले नाहीत तो कीथ हर्नांडेझही उजव्याच हातात घालायचा. दोघं डावखुरे होते. मी नाही. पण तो ग्लोव्ह कुणाच्या डाव्या हातासाठी शिवलेला असल्यामुळे माझा अंगठा करंगळीच्या घरात गेला, करंगळी अंगठ्याच्या प्रशस्त दालनात एकटी हिंडू लागली, पाय बेसवर ठेवावा तर लक्ष हातावर, हात पुढे करावा तर पाय बेसवरून सुटलेला, आणि या गोंधळात एका शाळकरी मुलीने मारलेला अगदी मवाळ, सभ्य, सरपटणारा चेंडू माझ्याकडे यायला निघाला. मी सोलकरला स्मरून वाकलो. चेंडू दोन्ही पायांमधून गेला.

"बकनर!" मेहुणा ओरडला. मग सगळेच ओरडले, "बकनर! बकनर!" इतक्या लोकांनी एका मोठ्या खेळाडूच्या नावाने हाक मारण्याचा आयुष्यातला पहिलाच प्रसंग, मी ग्लोव्हसकट हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला. नातू धावत आला. "आजोबा," तो हळूच म्हणाला, "ते कौतुक करत नाहीयेत."

तर बिल बकनर. १९८६ ची वर्ल्ड सिरीज, सहावा सामना, दहावी इनिंग. मूकी विल्सनने मारलेला असाच सरपटता चेंडू बॉस्टनच्या बकनरच्या पायांमधून गेला, न्यूयॉर्क मेट्सने सामना जिंकला आणि मग सिरीजही. त्या रात्री मी लायब्ररीचं पुस्तक पुन्हा उघडलं, कारण आता ही घरची बाब झाली होती. चेंडू सुटला तेव्हा बॉस्टनची आघाडी आधीच गेलेली होती. एका वाइल्ड पिचवर बरोबरी झाली होती. बकनरचे घोटे दुखावलेले, आणि इतर सामन्यांत शेवटी त्याच्या जागी ताज्या दमाचा माणूस उभा करणाऱ्या मॅनेजरने त्या रात्री ते केलं नाही. २,७१५ हिट्स, १९८० चं बॅटिंगचं अजिंक्यपद, तेही शिकागो कब्जकडून. आणि त्याच रात्री मेट्सचा फर्स्ट बेसमन, तो अकरा गोल्ड ग्लोव्हवाला हर्नांडेझ, दहाव्या इनिंगमध्ये दुसरा बळी ठरल्यावर आता काही खरं नाही म्हणून आत मॅनेजरच्या खोलीत बियर घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला होता. मोठमोठ्यांचा विश्वास उडतो, हे वाचून मला फार हुशारी आली.

दुसऱ्या संध्याकाळी मी हे सगळं अंगणात तावातावाने मांडलं. मेहुण्याने मान्य केलं की, बकनरवर अन्याय झाला. "पण तुझ्यावर नाही," तो म्हणाला.

आता माझा निकाल, कुणी विचारला नसला तरी. ग्लोव्ह बघायचा तर हर्नांडेझ, आणि त्याला अजून हॉल ऑफ फेममध्ये घेतलेलं नाही ही शरमेची गोष्ट आहे. सगळं मिळून बघायचं तर गेहरिग: सरासरी ०.३४०, होमरन ४९३, आणि जो आजार त्याला ३७ व्या वर्षी घेऊन गेला तो अंगात शिरू लागला होता तेव्हाही मैदानावर. पुहोल्स दुसरा. हिच्याशी माझं एकमत झालेलं आमच्या लग्नातलं हे दुर्मिळ प्रकरण असून ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.

तुम्ही सेंट लुईसला गेलात तर हा क्रम मोठ्याने बोलू नका. आणि ग्लोव्ह डाव्या हातात घाला.