पत्ता द्या म्हणतात!

"काय हो भावजी, सकाळपासून मोबाईलवर डाफरताय? वईपलीकडे ऐकू येतंय."

"डाफरू नको तर काय वहिनी! एक साईट मी इतकी वर्षं फीडमधून वाचायचो. नवा लेख आला की आपसूक माझ्या यादीत. आता म्हणतात, ईमेल द्या, दर रविवारी पत्र पाठवू. माझा पत्ता कशाला हवा यांना?"

"हवाच की! आमची धाकटी पुण्यात प्रकाशनात आहे, तिच्याकडून ऐकलं. पण नागावभर करू नका. फीडवाला वाचक यांना धड दिसतच नाही. आला, वाचलं, गेला. ना नाव, ना गाव. आपली म्हावरंवाली दारावर येते, तिला कुणाचा गुरुवार, कुणाला मांदेली आवडते, कुणाची उधारी थकलीय, सगळं पाठ. बंदरावरच बसली असती तर कळलं असतं?"

"म्हणजे पत्र उघडलं तेही कळतं?"

"कळतं तर! आत डोळ्यांना न दिसणारं इवलंसं चित्र असतं. पत्र उघडलं की ते त्यांच्या सर्व्हरवरून येतं, झाली नोंद! २०२१मध्ये ॲपलने त्यात खोडा घातला. त्यांच्या मेलमध्ये चित्रं आधीच मागवून ठेवतात, म्हणून न वाचणाऱ्यानेही पत्र उघडलेलं दिसतं. आकडे फुगले, साहेब खूश!"

"पण फीड १९९९पासून चालतंय. पॉडकास्ट अजून त्यावरच येतात."

"चालतंय, पण वाली कोण? फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ला गूगलनेच बंद केलं, लोकांनी विनवण्या केल्या तरी."

"माझं अर्धं वाचन तेव्हाच बुडालं."

"पत्राचं तसं नाही, त्यातून वर्गणी मागता येते. लेखकांची पत्रं पाठवणारं सबस्टॅक २०१७पासून तेच करतंय, शंभरातले दहा स्वतःला ठेवून. उद्या पटलं नाही तर लेखक वाचकांची यादी उचलून दुसरीकडे जातो. फेसबुकवरचे वाचक असे नेता येतात का?"

"म्हणजे वर्गणीदारांची वहीच ही! १९३७मध्ये नारायण नागू पाटलांनी आपल्या अलिबागेत 'कृषीवल' वर्तमानपत्र काढलं, तेव्हा कुळांचा चरीचा संप चालूच होता. कुणासाठी छापायचं, हे त्यांना असलं चित्र न घालता ठाऊक होतं."

"त्या कुळांतल्या कितींना वाचता येत होतं हो?"

"एक वाचणार, चार ऐकणार! त्या चौघांची नोंद कुठल्या वहीत?"

"ते काही धाकटीच्या साहेबांना सांगू नका, ऐकणाऱ्यांचेही पत्ते मागतील. बरं, आणखी एक. सबस्टॅकवाल्यांचं फीडही असतं. साईटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहायचं. जाहिरात करत नाहीत, एवढंच."

"सगळे लेख येतात?"

"पैसे भरायचे ते अर्धवटच दिसतात. फुकटात आणखी किती हवंय तुम्हाला?"